उताराला लागणारा दिवा

“बंद कर! इंजिन बंद कर म्हणतो ना तुला! जाम होईल सगळं!”

दूध संघाचे सेक्रेटरी माझ्या शेजारच्या शीटवर अर्धे उभे राहून ओरडत होते. अर्धेच, कारण पूर्ण उभं राहिलं असतं तर डोकं टपाला लागलं असतं. एका हातानं त्यांनी टपाची कांब धरली होती आणि दुसऱ्या हाताचं बोट डॅशबोर्डवर रोखलं होतं. बोटाच्या टोकाशी एक लाल दिवा जळत होता. हरभऱ्याएवढा असेल. पण सेक्रेटरींच्या डोळ्यांत बघितलं असतं तर वाटलं असतं, होळी पेटली आहे.

मी ब्रेक दाबला. ओढ्याच्या उतारावर दुधानं भरलेली जीप एकदम थांबवली की मागचे कॅन एकमेकांना काय काय म्हणतात, ते ऐकायला हवं. त्या दिवशी असा आवाज झाला की पलीकडं रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या शे-दीडशे बाया हातोडे टाकून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं सुरुंग उडाला. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर तीनशे बाया म्हणालो असतो.

इंजिन बंद केलं. सेक्रेटरी खाली बसले, चष्मा पुसला, आणि दिव्याखालची इंग्रजी अक्षरं वाचून दाखवली. “ऑइल लिहिलंय. म्हणजे इंजिनाला तेल पोचंना. तेल पोचलं न्हाय की लोखंड लोखंडाला घासतंय, आणि मग इंजिन बसतंय. कायमचं.”

मी उतरलो, बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी उपसली. तेल खुणेपर्यंत भरलेलं. पट्टी पुसून परत घातली, परत काढली. भरलेलं. तेलाचा एक थेंब खाली पडलेला नाही, वास नाही, धूर नाही. जीप हळूच ओढ्याच्या पात्रात सोडली. ओढा म्हणायचं ते सवयीनं. त्यात पाणी शेवटचं कधी होतं ते बेडकांनाही आठवत नव्हतं. सपाटीवर इंजिन चालू केलं. दिवा एकदा लागला आणि विझला. इंजिन रोजच्यासारखं घुमत होतं. पलीकडचा चढ चढलो, बेंबळीकडून नळदुर्गला जाणाऱ्या रस्त्याला लागलो, तरी दिवा गुपचूप. सेक्रेटरी त्याच्याकडं असे बघत होते, जसं कुत्रं बिळाकडं बघतं.

दूध त्या दिवशी वेळेवर पोचलं. उन्हाळा असा होता की दहाच्या आत कॅन शीतकेंद्रात गेले नाहीत तर पोचायचं ते दही. पण दूध पोचलं म्हणून मी सुटलो नव्हतो.

त्याचं कारण ती शीट. संघानं जुनी डिझेल जीप घेतली आणि ड्रायव्हर नेमायचा ठरवला तेव्हा दोघंच पुढं आले. माझ्याकडं लायसन होतं. दुसरा चेअरमनसाहेबांचा भाचा. त्याच्याकडं लायसन नव्हतं, पण मामा होता. तरी मला घेतलं, कारण भाच्यानं परीक्षेला म्हणून जीप मागं घेतली ती थेट कडब्याच्या गंजीत घातली, आणि गंज चेअरमनसाहेबांचीच होती. मला मात्र अट घातली: तीन महिने बघू. गाडीला काही झालं तर किल्ली ठेवायची आणि जायचं.

आमच्या वस्तीतला त्या शीटवर बसलेला मी पहिला माणूस. पहिल्या दिवशी जीप वस्तीवरून नेली तर माझी चुलती रस्त्यात आडवी आली. तिनं हात आत घातला. स्टेअरिंगवरून हात फिरवला आणि बाजूला झाली. वस्तीत हे असं. आणि गावात काही लोकांनी एक वाक्य आधीच तयार करून ठेवलं होतं: “आमी म्हणलंच हुतं.” फक्त ते म्हणायला निमित्त हवं होतं. तो लाल दिवा म्हणजे ते निमित्त. तीन महिने पुरे व्हायला पाच दिवस उरले होते.

पहिल्याच शनिवारी आणखी एक गोष्ट झाली होती, ती इथं सांगून ठेवतो. संघाच्या शेडवर एक म्हातारे वॉचमन होते. सगळा जन्म मेंढरं राखण्यात गेलेला. मेंढरं दुष्काळानं संपली, तेव्हा संघानं त्यांना शेडची राखण दिली. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. त्या शनिवारी सकाळी बघतो तर जीपच्या बंपरला लिंबू, मिरच्या आणि बिब्बा तारेत ओवून बांधलेला. मी ते कापून टाकलं. आमच्या घरात छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हाच हे सगळं दाराबाहेर गेलं होतं. मी तेव्हा पाळण्यात होतो, पण आईनं बजावलेलं पक्कं होतं. मामांना म्हणालो, “मामा, आमच्यात हे चालत न्हाय.” ते म्हणाले, “गाडी संघाची हाय की.” मी म्हणालो, “चालवणारा मी हाय.” ते “बरं” म्हणाले. विषय संपला असं मला वाटलं. मेंढरं राखलेल्या माणसाचं “बरं” म्हणजे काय, हे मला अजून शिकायचं होतं.

तर दिवा. शीतकेंद्रावरून परत येताना सेक्रेटरींनी फाट्यावर लोहाऱ्याची एसटी थांबवली आणि कंडक्टरजवळ चेअरमनसाहेबांना निरोप दिला. चेअरमनसाहेब लोहाऱ्याच्या बाजूचे. निरोप साधा होता: “साहेबांना सांगा, गाडीला लाल दिवा लागलाय. पुढं काय करायचं ते कळवा.” मी तिथंच उभा होतो. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

आता हे समजून घ्या की चेअरमनसाहेब त्या वर्षी कुठल्यातरी महामंडळावर वर्णी लागावी म्हणून मुंबईला इतक्या चकरा मारत होते की त्यांची म्हैस त्यांना ओळखेनाशी झाली होती. महामंडळ मिळालं म्हणजे सरकारी गाडी, आणि गाडीला लाल दिवा. साऱ्या तालुक्याला हे ठाऊक. कंडक्टरनं लोहाऱ्याच्या स्टँडवर निरोप मोठ्यानं सांगितला, पानवाल्यानं त्यातली “पुढं काय करायचं” ही शेपटी कापली, आणि साहेबांच्या गावात पोचेपर्यंत निरोप उरला तो एवढाच: साहेबांच्या गाडीला लाल दिवा लागला.

पुढचं मी ऐकलेलं सांगतो, पण ज्यानं सांगितलं त्यानं ते डोळ्यांनी बघितलेलं. हलगी आली. गुलाल आला. दुष्काळात गुलाल कुठून आला विचारू नका. पाणी मिळत नाही तिथंही गुलाल मिळतो. साहेबांना खांद्यावर घेतलं. साहेब “अजून ऑर्डर आली न्हाय, अजून ऑर्डर आली न्हाय” म्हणत राहिले, पण खांद्यावरून उतरले नाहीत. मारुतीपर्यंत मिरवणूक गेली. तिथं साहेबांनी छोटं भाषण केलं आणि पहिल्या दणक्याला गावाची नळयोजना करायचं कबूल केलं. मग कुणीतरी विचारलं की गाडी कुठाय. कंडक्टरला परतीच्या फेरीत गाठलं, तेव्हा त्यानं पूर्ण निरोप सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब मोटारसायकलवर शेडवर आले. आंघोळ केलेली, कपडे कडक इस्त्रीचे, पण कानाच्या पाळीमागं गुलाल राहिला होता. सेक्रेटरींना तो दिसला, मला दिसला, आणि आम्ही दोघं जमिनीकडं बघायला लागलो. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, “आज बुधवार. शनवारी सकाळपर्यंत दिवा कशानं लागतोय ते मला कळलं पाहिजे. न्हाय कळलं, तर किल्ली भाच्याकडं.” मग जाता जाता सेक्रेटरींना म्हणाले की यापुढं निरोपात दिवा हा शब्द वापरायचा नाही.

त्या दिवशी शीतकेंद्राला, म्हणजे आमच्या भाषेत चिलिंगला, दूध टाकून मी नळदुर्गच्या मिस्त्रीकडं गेलो. हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज. हैदराबाद ते सोलापूर पळणारा एकही ट्रक असा नसेल ज्याच्या पोटात त्याचा हात गेला नव्हता. लोक म्हणायचे की तो ट्रक येण्याआधी त्याच्या आवाजावरून ड्रायव्हरचं गाव ओळखतो. मी स्वतः बघितलंय, त्यानं एकदा नुसत्या हॉर्नवरून सांगितलं होतं की ह्या ट्रकचा मालक कंजूष आहे.

त्यानं बॉनेट उघडलं, कान इंजिनाला लावला आणि डोळे मिटले. मग टॅपेटचं झाकण खोलून इंजिन चालू करायला लावलं. तेलाचं असं कारंजं उडालं की माझा शर्ट, त्याची दाढी आणि शेजारी चहा पीत बसलेला एक सरदारजी, तिघंही सारखेच न्हाऊन निघालो. म्हणजे तेल पोचत होतं. नुसतं पोचत नव्हतं, उतू जात होतं. मिस्त्रीनं झाकण लावलं, चिंध्यांनी सगळं इंजिन लख्ख पुसलं, एकेक नट चाचपला, जिथं जिथं ग्रीस लावता येतं तिथं ग्रीस लावलं. तेलाच्या फिल्टरमागं, पाइपाखाली, सुपारीएवढी एक काळी गाठ तारेनं लोंबत होती, तिलाही लावलं. ती कसली ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मला वाटलं त्याला माहीत असेल. त्याला वाटलं मला माहीत असेल.

दिवा मात्र तिथं लागेना. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. डॉक्टरच्या दारात गेल्यावर ताप उतरतो, तसं. मिस्त्री हात पुसत म्हणाला, “इसे कुछ नै हुआ, मियाँ. बत्ती लगी तब लाव.”

आता बत्ती लागली तेव्हा आणायची कशी? लागायची ती ओढ्यावर, आणि ओढ्यापासून गॅरेजपर्यंत येता येता विझायची.

तिथंच चहा पीत बसलेल्या त्या सरदारजीनं, तेलानं निथळत, मला सोपा उपाय सांगितला. बल्ब काढून टाक. दिवाच नाही तर लागणार काय? शनिवारी साहेबांना दाखवायचं, बघा, दिवा लागत नाही. तीन महिने पुरे, किल्ली तुझी.

खोटं कशाला बोलू, मी काढला. गॅरेजच्या बाहेर पडलो, रस्त्याच्या कडेला थांबलो, डॅशबोर्डच्या मागं हात घालून तो हरभरा उपटला आणि खिशात ठेवला. शेडपर्यंतच्या परतीच्या वाटेवर डॅशबोर्ड काळा. पण त्या काळ्या भोकाकडं मी जितकं बघितलं तितकं आयुष्यात लाल दिव्याकडं बघितलं नसेल. प्रत्येक उताराला वाटायचं, आता लागला असता का? आत्ता जळत असता का? खिशातला बल्ब मांडीला टोचत होता. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी छळत होतं: हा नेमका लागतो तरी का? दुखणं नाही आणि कण्हतोय. तेल आहे आणि नाही म्हणतोय. असलं कोडं मला आयुष्यात पहिल्यांदा पडलं होतं, आणि उत्तर न बघता वही मिटायची म्हणजे माझ्या पोटात दुखलं असतं. शेडवर पोचलो तो पहिल्यांदा बल्ब परत बसवला.

हल्ली माझ्या मुलाच्या गाडीत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. तो फोनसारखं काहीतरी गाडीला जोडतो आणि फोन त्याला आकडा सांगतो. आकडा कळला की दुखणं कळलं. आमच्याकडं आकडा सांगणारं कोणी नव्हतं. पण आमच्याकडं सेक्रेटरी होते.

गुरुवारी सकाळी निघताना मी त्यांच्या हातात शाळेतला खडू दिला. म्हणालो, मी रस्त्याकडं बघतो, तुम्ही दिव्याकडं बघा. लागला की खूण करा. त्यांना हे काम फार आवडलं. सहकारात इतकी वर्षं काढली, पण कुणी त्यांना बघत बसायला सांगून वर त्याची नोंद ठेवायला सांगितलं नव्हतं. डॅशबोर्डच्या पत्र्यावर त्यांनी तीन घरं आखली: चढ, सपाट, उतार. आणि दिवा लागला की “लागला!” आणि विझला की “गेला!” असं पुकारायचं ठरवलं.

त्या सकाळी ज्या ज्या गावात आम्ही कॅन घ्यायला थांबलो तिथं लोकांनी आपापलं निदान दिलं. एकानं सांगितलं, दुधाच्या वजनानं इंजिन दबतंय. एकानं सांगितलं, उन्हानं तेलाला ताप भरतोय. एका गावात माप घेणारा म्हणाला, “गाडी उताराला भितीय. आमचा बैल असाच हुता.” सगळे हसले. मीही हसलो. पण सेक्रेटरींनी चष्मा वर केला आणि पत्र्यावरच्या खुणा मोजल्या. चढाच्या घरात एकही खूण नव्हती. सपाटीच्या घरात नव्हती. उताराच्या घरात सात होत्या.

परत येताना कॅन रिकामे होते, म्हणजे वजन गेलं. तरी ओढ्याच्या दुसऱ्या काठाचा उतार लागला आणि सेक्रेटरी ओरडले, “लागला!” मग ऊनही नाही, दूधही नाही, रस्ताही नाही. गाडीचं तोंड खाली झालं की दिवा लागत होता. बैलवाल्या माणसाचं बरोबर होतं.

सेक्रेटरींचं म्हणणं पडलं की उताराला तेल पुढं वाहून जातं आणि पंपाला सापडत नाही. पटण्यासारखं होतं. आम्ही खुणेच्या वर अर्धा लिटर तेल जास्तीचं ओतलं. उतारावर गेलो. लागला.

मग मला सुचलं. सुचलं म्हणजे काय, मिस्त्रीनं सांगितलेलंच उलटं केलं. दिवा लागल्यावर गाडी गॅरेजला नेता येत नसेल, तर मिस्त्रीला उतारावर न्यायचं. आतापर्यंत सगळ्यांनी बॉनेट उघडलं ते सपाटीवर. म्हणजे पेशंट बरा असताना.

शुक्रवारी मिस्त्रीला दुपारी जुम्म्याची नमाज, म्हणून नको नको म्हणत होता. मी त्याला खरवस कबूल केला. दुष्काळात खरवस म्हणजे काय ते तुम्हाला आता सांगून कळणार नाही; त्या वर्षी आमच्या भागात व्यालेली म्हैस बघायला लोक एसटीनं यायचे. चिलिंगला दूध उतरवून आम्ही तिघं परत फिरलो. ओढ्याच्या उतारावर मी जीप तोंड खाली करून उभी केली, चारही चाकांना दगड लावले, इंजिन चालूच ठेवलं. दिवा जळत होता. सेक्रेटरी शीटवर बसून त्याच्यावर नजर ठेवून. मी आणि मिस्त्री बॉनेटमध्ये.

मिस्त्री आधी नुसता बघत राहिला. मग त्यानं फिल्टरमागं मान घातली आणि म्हणाला, “ये पुर्जा यहाँ कैसा आया?”

ती काळी गाठ. परवा सरळ लोंबत होती. आज, गाडीचं तोंड खाली असल्यामुळं, पुढं झुकली होती आणि इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या एका बटणासारख्या भागावर टेकली होती. त्याच बटणातून एक वायर दिव्याकडं जात होती.

मी म्हणालो, “तुम्हीच ग्रीस लावलं हुतं की तिला.”

“मेरे को लगा तुम्हारी गाडी में रहता.”

त्यानं पेचकसाच्या टोकानं गाठ हळूच उचलली. आतून सेक्रेटरी ओरडले, “गेला!”

त्यानं सोडली. “लागला!”

उचलली. “गेला!” सोडली. “लागला!” आम्ही हे किती वेळा केलं ते सांगत नाही. तीन मोठी, संसारी माणसं होतो. पण पलीकडच्या खडीवरच्या बाया परत हातोडे टाकून उभ्या राहिल्या, एवढं सांगतो.

मिस्त्रीनं समजावलं ते असं: त्या बटणापाशी तेलाचा दाब राखणीला बसलेला असतो. तेल आहे तोवर तो वायरला लोखंडापासून दूर ठेवतो, आणि दिवा विझलेला राहतो. तेल गेलं की वायर लोखंडाला मिळते आणि दिवा लागतो. पण इथं दुसऱ्याच कुणीतरी लोखंडी पाइपाला बांधलेली तार आणून वायरीला टेकवली होती. तेल आपल्या जागी इमानदार होतं. दिवासुद्धा खोटं बोलत नव्हता. त्याला जसं कळवलं तसं तो सांगत होता. लोहाऱ्याच्या पानवाल्यासारखं.

गाठ सोडवून बाहेर काढली. वरचं ग्रीस पुसलं. आत काय होतं ते वासावरून कळलं. वाळून खडखडीत झालेलं लिंबू, लवंगांसारख्या झालेल्या चार मिरच्या आणि एक बिब्बा. सगळं एका बारीक तारेत ओवलेलं. तारेचं खालचं टोक लिंबात खुपसून वळवलं होतं. लिंबू ताजं, गुबगुबीत होतं तोवर ते टोक त्याच्या पोटात होतं आणि कुणाला टेकत नव्हतं. अडीच महिन्यांत लिंबू आटत आटत सुपारीएवढं झालं, आणि टोक बाहेर आलं.

तारेची वरची गाठ मी ओळखली. मेंढराच्या गळ्यात घंटा बांधतात ती गाठ. आमच्या शेडवर ती एकाच माणसाला येत होती. बंपरवरचं मी कापलं, म्हणून त्यानं ते मला दिसणार नाही अशा जागी बांधलं होतं.

मला असा राग आला की तो ओढा त्या रागानं भरून वाहिला असता. ज्या गोष्टीला आमच्या घरानं दाराबाहेर काढलं ती माझ्या इंजिनात लपून बसली होती, आणि तिच्यापायी माझी शीट चालली होती. सेक्रेटरी म्हणाले की चेअरमनसाहेबांना आत्ताच सांगितलं पाहिजे, म्हणजे ज्याचं माप त्याच्या पदरात पडेल. बरोबर होतं त्यांचं. पण साहेबांच्या कानामागचा गुलाल मला आठवला. त्या गुलालाचा हिशेब त्यांना कुणाकडून तरी चुकता करायचाच होता, आणि म्हाताऱ्याकडं त्या शेडमधल्या बाजेशिवाय जायला जागा नव्हती. मी लिंबू रुमालात बांधलं आणि खिशात टाकलं. बल्ब होता त्याच खिशात.

शनिवारी सकाळी साहेब आले. मी सांगितलं, एक उघडी तार लोखंडाला टेकत होती, उताराला. काढली. यात खोटा शब्द एक नाही. सेक्रेटरी शेडच्या पत्र्याकडं बघत उभे राहिले. पत्र्यात बघण्यासारखं काही नव्हतं. साहेबांचा विश्वास बसेना. स्वतः शेजारी बसून त्यांनी ओढ्याचा उतार दोनदा उतरवून बघितला. दिवा लागला नाही. मला तर वाटलं, ते जरा नाराजच झाले.

“पुन्हा लागणार न्हाय ना?” त्यांनी विचारलं.

“गाडीला तर न्हाय, साहेब.”

सेक्रेटरींना ठसका लागला. साहेब मोटारसायकलवर बसले. मग विचारलं, तीन महिने कधी होतात. मी म्हणालो, उद्या. “मग आता किल्ली कशाला इकडं तिकडं करायची,” ते म्हणाले, “राहू दे तुझ्याकडंच.” आणि मोटारसायकलला लाथ मारून गेले. त्या किल्लीनं मी पुढं एकोणीस वर्षं संघाच्या गाड्या चालवल्या.

संध्याकाळी मी शेडवर गेलो. मामा बाजेवर बसून सुंभ वळत होते. कालपासून मनात जुळवलेलं सगळं मी त्यांना ऐकवलं. आमच्या घरातलं छप्पन्न सालाचं सांगितलं, भाच्याचं सांगितलं, चुलतीनं स्टेअरिंगवरून हात फिरवला ते सांगितलं. दिवा कसा लागतो तेही सांगितलं, वायर, बटण, तेल, सगळं. शेवटी रुमाल सोडला आणि ते लिंबू त्यांच्या तळहातावर ठेवलं. म्हणालो, “मामा, ह्याच्यापायी माझी शीट चालली हुती. तुम्ही तर बरं म्हणला हुता ना?”

मामांनी लिंबू उजेडाकडं धरलं. अंगठ्यानं दाबून बघितलं. तारेचं बाहेर आलेलं टोक चाचपलं आणि मान हलवली.

“वाळलंय,” ते म्हणाले. “दर शनवारी बदलायचं असतंय. दुष्काळात लिंबं मिळनात.”